गाण्यांच्या व्हिडिओतल्या बायका आणि शाळेचं गॅदरिंग

अबोली, फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्यात लहान मुलांना नाच शिकवते. नोव्हेंबर लागला की आजूबाजूच्या शाळांत गॅदरिंगची धांदल सुरू होते आणि "टीचर, ह्या गाण्यांवर बसवा" म्हणून याद्या येतात. यंदा एका शाळेनं तिसरीच्या मुलींसाठी पाठवलेली यादी वाचून मी सरळ शाळेत फोन लावला. बहुतेक सगळी आयटम साँग होती. पलीकडून उत्तर आलं, "मुलींनीच सांगितलीत, त्यांना पाठ आहेत. अर्थ कुठे कळतो त्यांना?"

अर्थ कळत नाही, मान्य. पण वर्गात मी काय बघते ते सांगते. गाणं लागलं की आठ वर्षांची मुलगी पाठमोरी उभी राहते, खांद्यावरून मान वळवते, खालचा ओठ दातात धरते आणि डोळे अर्धे मिटून समोर बघते. समोर तिची मैत्रीण नसते, मीही नसते. कुणी मोबाइल धरला असता तर तो जिथे असता, बरोबर तिथे ती बघते. हे तिला मी शिकवलेलं नाही, तिच्या आईनंही नाही.

त्यानंतर एका दुपारी बसून मी गाजलेले बरेच व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले. तुम्हीही पाहा. ठेका गेला की काय दाखवलंय तेवढंच उरतं. गायकाचा चेहरा पहिल्या काही सेकंदांत येतो. मग त्याची गाडी, त्याचा गॉगल, त्याचे मित्र. बाई येते ती आधी टाच, मग पोटरी, मग कंबर, मग पाठ. चेहरा सगळ्यात शेवटी. मागे नाचणाऱ्या बायकांच्या वाट्याला तर तोही येत नाही.

माझं भांडण कपड्यांशी नाही. कंबर हलवण्याशी तर नाहीच, नाच शिकवणारीनं ते कसं करावं? एका अख्ख्या बाईचे तुकडे करून ते एकेक समोर ठेवले जातात, त्याच्याशी आहे. आणि विचारायचंय ते हे: ह्या मुलींशी बोलायचं कसं? "हे घाण आहे" म्हटलं की त्यांना स्वतःच्याच अंगाची लाज वाटायला लागते. गप्प बसले तर व्हिडिओ शिकवतो तेच शिकत राहणार. तुमच्या घरी, शाळेत काय अनुभव?

पणजीकर_काका

अबोलीताई, विषय काढलात ते फार बरं केलंत. आमच्या वेळी गाण्यात शब्द होते, सूर होते, मर्यादा होती. नायिका पदर सावरायची आणि त्यातच सगळं सांगून जायची. आता सगळा बाजार झालाय. माझं स्पष्ट मत: असले व्हिडिओ बंदच करायला हवेत. सरकारनं मनात आणलं तर एका दिवसात होईल.

मांडवीकाठ

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आपल्या वेळची गाणी मीही पाहिलीत. पांढरी साडी नेसवून धबधब्याखाली उभं करायची पद्धत तेव्हाचीच. सायकलवरून जाणाऱ्या मुलीच्या मागे चार मित्र घेऊन गाणं म्हणत जायचं, ती नको नको म्हणते आणि शेवटी हसते, हेही तेव्हाचंच. 1993 साली एका गाण्याच्या शब्दांवरून प्रकरण पार कोर्टात गेलं होतं, आठवत असेल. आणि 2002 च्या आसपास जुन्या गाण्यांच्या रीमिक्सची लाट आली तेव्हा आवाज जुना आणि चित्र नवं, असं करून तीच जुनी गाणी नव्यानं विकली गेली. मर्यादा होती असं मला वाटत नाही. टीव्ही दिवाणखान्यात होता आणि सगळे मिळून बघायचे, त्यामुळे चॅनल बदलला जायचा, एवढंच.

शेवंती

आमच्याकडे तर बाबा उठून पाणी प्यायला जायचे. गाणं संपलं की बरोबर परत. किती पाणी प्यायले असतील!

सत्तरीकर

@शेवंती 😄 आमचे बाबा अँटेना हलवायला गच्चीवर जायचे.

रापणकार

मी इथे बहुतेक सगळ्यात लहान असेन, कॉलेजला आहे. मला थोडं वेगळं वाटतं. व्हिडिओत काम करणाऱ्या मुली सज्ञान आहेत, पैसे घेतात, ऑडिशन देऊन येतात. त्यांना कोणी धरून आणलेलं नाही. काही गायिका स्वतःचे व्हिडिओ स्वतः ठरवतात, त्यात कमी कपडे असतात आणि त्या ते अभिमानानं घालतात. त्यांना आपण कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर आम्ही मित्र ही गाणी लग्नात, बर्थडेला नाचायला लावतो. व्हिडिओ बघत कोण बसतो?

कॅमेरा_म्हापसा

रापणकारा, बघत कोण बसतो ते मी सांगतो, कारण माझं पोट त्यावर चालतं. मी म्हापशाचा, कॅमेरा असिस्टंट आणि एडिटर. गोव्यात शूटिंगला येणाऱ्या युनिटांबरोबर खूप गाण्यांवर काम केलंय. अबोलीताईंनी टाच-पोटरी-कंबर हा क्रम अचूक पकडलाय. तो आपोआप येत नाही. सकाळी हातात पडणाऱ्या शॉट लिस्टमध्येच तो असतो. हिरोच्या नावापुढे 'एंट्री', 'लूक', 'वॉक' असं लिहिलेलं असतं. मुलीच्या नावापुढे 'वेस्ट क्लोज', 'बॅक क्लोज'. हे माझ्या डोळ्यांनी वाचलंय.

आता तो संथ हलणारा शॉट कसा घेतात बघा. सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात. मुलगी दुप्पट वेगानं नाचते, ओठही त्याच वेगानं हलवते. कॅमेरा सेकंदाला 48 फ्रेम घेतो आणि पडद्यावर त्या सेकंदाला 24 च्या वेगानं दिसतात. त्यामुळे ओठ गाण्याशी नेमके जुळतात, पण केस, ओढणी, अंग सगळं संथ होतं. हेच तंत्र हिरोसाठी वापरतात तेव्हा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याच्या पायांपाशी खाली, म्हणजे तो उंच, ताकदवान दिसावा. मुलीसाठी वापरतात तेव्हा कॅमेरा कमरेच्या उंचीवर उतरतो आणि तिथेच रेंगाळतो. लेन्स तीच, मशीन तेच. फरक माणसानं ठरवलेला.

एक दिवस विसरत नाही. उत्तर गोव्यातला किनारा, पहाटेपासून शूट. मागे नाचणाऱ्या मुलींना उंच टाचांचे सँडल. टाचा वाळूत रुतू नयेत म्हणून आम्ही खाली प्लायवूड घालून वर वाळूचा पातळ थर पसरला होता. ऊन चढलं तसा प्लाय तापला. दोन टेकच्या मधे एका मुलीनं अंगावर घ्यायला टॉवेल मागितला, कारण बाजूला लोक जमून मोबाइलवर तिचं शूटिंग करत होते. तिला सांगितलं, मेकअप पुसला जाईल, राहू दे. हिरोवर मात्र दोन माणसं छत्री धरून उभी. तो माणूस वाईट नव्हता, सगळ्यांशी नीट बोलायचा. पण त्या मुलींना ऊन लागतंय हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

शेवटचा मुद्दा थंबनेलचा. व्हिडिओ तयार झाला की त्यावरचं छोटं चित्र कुठलं लावायचं ह्यावर जेवढी चर्चा होते तेवढी गाण्यावर होत नाही. एकदा एक मुलगी अख्ख्या व्हिडिओत दोन-तीन झलकांपुरती होती. थंबनेलवर तीच, मान कापून. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, तिचं नाव कुठेच नाही, खाली वर्णनातही नाही. क्लिक वाढले. पुढच्या व्हिडिओला मग सुरुवातीपासूनच तसं शूट केलं. म्हणजे बघणारे आहेत, आणि त्यांनी काय बघितलं ह्याचा हिशेब ठेवणारेही आहेत.

शेवंती

बाप रे. प्लायवूडचं वाचून पाय भाजल्यासारखे झाले.

कुळागर

कॅमेराभाऊ, लिहिलंत ते बरं केलंत. कपड्यांबद्दल अबोली म्हणते त्याला आपल्या गावातला पुरावा देते. कुणबी बायकांचं लाल चौकड्यांचं लुगडं आठवा. खांद्यावर गाठ, गुडघ्याच्या खाली जेमतेम, आणि जुन्या बायका आत चोळी घालतच नसत. माझी आजी तशा बायकांबरोबर शेतात काम करायची. उघडे खांदे, उघडी पाठ, उघड्या पोटऱ्या. त्यात कुणाला काही चाळवणारं दिसत नव्हतं, कारण त्या बायका भात लावत होत्या आणि त्यांना कुणी चौकटीत बसवलेलं नव्हतं. आता तेच लुगडं हॉटेलातल्या कार्यक्रमात पाहुण्यांसाठी नेसवतात तेव्हा ते मुद्दाम आणखी वर खोचतात आणि पाहुणे मोबाइल खाली धरून शूटिंग करतात. कापड सारखंच आहे.

दुसरं धालो. पौष महिन्यात गावच्या मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या जागेवर, रात्री बायका जमतात, गातात, नाचतात, सोंगं काढतात. पुरुषांना मांडावर जागा नाही. आणि तिथे बायका काय काय थट्टा करतात ते इथे लिहिता येणार नाही! नवऱ्यांच्या नकला, शरीराबद्दलचे चावट विनोद, सगळं असतं. म्हणून 'पूर्वीच्या बायका सोज्वळ होत्या आणि आता बिघडल्या' हे मला पटत नाही. त्यांना मजा करता येत होती, ती एकमेकींसाठी होती, आणि दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या मोबाइलमध्ये नसायची.

सत्तरीकर

कुळागरबाय, अगदी खरं. लहानपणी आम्ही पोरं काजूच्या झाडावर चढून धालो बघायचो. एकदा आजीनं पाहिलं आणि गाण्यातच माझं नाव घालून मला खाली उतरवलं. अख्ख्या मांडावर हशा. पुढचे कित्येक दिवस गावातल्या बायका मला बघून तीच ओळ म्हणायच्या.

चवथ

आजी भारी 😂 आमच्या भागात आता चतुर्थीच्या फुगडीच्याही स्पर्धा झाल्यात. बायका एकसारख्या साड्या नेसून कॅमेऱ्याकडे तोंड करून फुगडी घालतात. गोल कधीच मोडला. पूर्वी एकमेकींचे हात धरून, एकमेकींकडे बघून घालायच्या. आणि हो, परीक्षक एका बाजूला बसतात म्हणून तिकडे पाठ झाली की गुण जातात म्हणे. फुगडीत पाठ कशी होणार नाही?

जायजुई

काकांनी बंदीचं म्हटलं म्हणून लिहिते. हा विषय आमच्या घरचा आहे, त्यामुळे जरा लांब लिहीन, सांभाळून घ्या.

मी कलावंतांच्या घराण्यातली. आपल्या गोव्यात देवळांशी बांधलेल्या ह्या बायकांनी गाणं आणि नाच पिढ्यान्‌पिढ्या जपला. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ह्या त्याच परंपरेतून आल्या. केसरबाईंचा भैरवीचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून पृथ्वीबाहेर गेला. आज त्यांची नावं आपण अभिमानानं घेतो. पण त्यांच्या आधीच्या कितीतरी बायकांकडे समाजानं कसं पाहिलं? रात्री मैफलीत वाहवा करायची आणि सकाळी रस्त्यात ओळख द्यायची नाही. आमच्या समाजानं शिक्षणाची वाट धरून, संघटना बांधून त्यातून बाहेर यायला फार झगडा केला. त्या झगड्यात कित्येक घरांनी मुलींचं गाणं-नाचणंच बंद केलं. माझ्या पणजीचे चाळ होते, ते आजीनं विहिरीत टाकले. आजीला दोष देत नाही. तिला मुलीला शाळेत सन्मानानं पाठवायचं होतं, आणि चाळांचं घर म्हणून शाळेत बोट दाखवलं जायचं.

म्हणून 'असलं बंद करा' ऐकलं की मला भीती वाटते. बंदी येते तेव्हा ती नाचणाऱ्या बाईवर येते, बघणाऱ्यावर आणि पैसे लावणाऱ्यावर येत नाही. महाराष्ट्रात 2005 साली डान्स बारवर बंदी आली. हायकोर्टानं 2006 मध्ये ती रद्द केली, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हायकोर्टाचाच निकाल कायम ठेवला. मधल्या काळात काम गेलं ते त्या बायकांचं.

आणखी एक. 1902 साली कलकत्त्याला गौहर जाननं आपल्या देशातल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका दिल्या. गाणं संपलं की ती स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची, इंग्रजीत: "माय नेम इज गौहर जान." त्या काळात तिला लोक काय म्हणत असतील ते वेगळं सांगायला नको. पण तबकडीवर तिचं नाव तिच्याच तोंडून आहे. कॅमेराभाऊंच्या थंबनेलवरच्या मुलीचं नाव वर्णनातही नाही. शंभरहून अधिक वर्षांत आपण कुठून कुठे आलो ते बघा.

पणजीकर_काका

जायजुईताई, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. चाळांचं वाचून बोलायला शब्द नाहीत. माझा रोख त्या बायकांवर नव्हता आणि नाही. पण मग विचारतो, जबाबदार कोणाला धरायचं? कोणालाच नाही, असं तर होऊ नये.

रापणकार

जायजुईताई, हे काहीच माहीत नव्हतं. पण तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा येतो ना? बाईनं स्वतः ठरवलं तर तिला नाचू द्या, कसंही.

मांडवीकाठ

रापणकार, ठरवू दे की. कोणीच अडवत नाही. पण बघ, ठरवतं कोण? बहुतेक आयटम गाण्यांत बाईच्या तोंडी 'मी'चे शब्द असतात: मी अशी, मी तशी, मला खा, मला प्या. लिहिणारा पुरुष, चाल लावणारा पुरुष, दिग्दर्शक पुरुष, पैसे लावणारा पुरुष. आवाज गायिकेचा, अंग नर्तिकेचा. इतक्या जणांनी मिळून केलेल्या गाण्यातला तो 'मी' कोणाचा? आणि अपवाद आहेतच. सरोज खान नाच बसवायच्या तेव्हा अर्धं गाणं चेहऱ्यावर असायचं. नृत्यदिग्दर्शनाचं फिल्मफेअर पारितोषिक 1989 साली पहिल्यांदा दिलं गेलं, तेही त्यांनाच. त्यांच्या काही गाण्यांत छाती-कंबर भरपूर आहे, मी नाकारत नाही. पण डोळे मिचकावणारी, रागावणारी, चिडवणारी एक अख्खी बाई त्यात दिसते. ती बघणाऱ्याकडे बघते. लॉरा मल्वी ह्या अभ्यासक बाईंनी 1975 मध्ये हेच मांडलं होतं: पडद्यावर पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते, आणि प्रेक्षक, मग तो बाई असो की पुरुष, त्या पुरुषाच्या नजरेनंच बघायला शिकतो. अबोलीच्या वर्गातली आठ वर्षांची मुलगी तेच शिकली आहे.

दर्यादेगेर

धागा वाचतेय, आता लिहिते. ह्या व्हिडिओंमुळे गोव्यात राहणाऱ्या बायकांना काय भोगावं लागतं त्याबद्दल कोणीच बोललेलं नाही.

मी किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. इतक्या गाण्यांत गोवा म्हणजे बिकिनी, दारू आणि 'हो' म्हणणाऱ्या मुली असं दाखवलंय, की येणारे काही लोक तेच समजून येतात. साडी नेसून काउंटरला उभी असते मी. चेक-इन करताना विचारतात, "मॅडम, आप भी पार्टी में आते हो क्या?" आडनाव ख्रिस्ती असलेल्या माझ्या सहकारी मुलीला तर ह्याहून वाईट. 'बॉबी' 1973 सालचा, त्यात गोवेकर मच्छीमाराची मुलगी आखूड स्कर्टमध्ये होती. त्यानंतर गोव्याची ख्रिस्ती मुलगी हिंदी पडद्यावर जवळजवळ तशीच येत राहिली. त्याच सिनेमात आपल्या जुन्या देखणीची, म्हणजे कोकणी नाचगाण्याची, चाल वापरली आहे. मूळ देखणीत एक कलावंत मुलगी लग्नाला पलीकडे जायचं म्हणून नावाड्याला विनवते, अंगावरचे दागिने देऊ करते आणि तो नको म्हणतो. केवढं नाट्य आहे त्यात! चाल सगळ्या देशाला माहीत झाली, ती मुलगी कोणाला माहीत नाही.

आमच्या स्टाफमधल्या मुली रात्रपाळी संपवून स्कूटरनं घरी जातात तेव्हा गाडी बाजूला आणून तीच गाणी मोठ्यानं लावतात. माझी तक्रार त्या गाण्यात नाचलेल्या मुलीबद्दल नाही. तिला ऊन लागत होतं हे मला आज कळलं. पण किनारा भाड्यानं देणाऱ्या आपल्या लोकांना एक विचारायचंय: परवानगी देताना जागा, वेळ, फी सगळं तपासता, मग गोव्याला काय म्हणून दाखवणार हे कधी विचारता का?

शेवंती

देखणीचं वाचून गलबलून आलं. देव बरें करूं, लिहिलंत म्हणून.

वकील_बाय

काकांनी जबाबदारीचं विचारलं, त्यावर कायद्याची बाजू थोडक्यात.

स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखण्यासाठी 1986 चा केंद्रीय कायदा आहे. जाहिराती, पुस्तकं, चित्रं त्यात येतात. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दंडाच्या रकमेवरूनच तो किती जुना आहे ते कळेल. केबल टीव्हीवर गाण्याचा व्हिडिओ दाखवायचा तर सेन्सॉर बोर्डाचं सर्वांसाठीचं प्रमाणपत्र लागतं. यूट्यूबला ते लागत नाही, आणि तुमच्या मुली टीव्हीवर गाणी बघतच नाहीत. इंटरनेटवरच्या अश्लील मजकुराला आयटी कायद्याचं 67 वं कलम आहे. पण अश्लील कशाला म्हणायचं? सुप्रीम कोर्टानं 2014 साली म्हटलंय की नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, चित्र कुठल्या संदर्भात आहे ते बघा. हा निकाल मला योग्य वाटतो. त्यानं कुळागरबायची कुणबी आजी सुटते. पण कॅमेराभाऊंचा 'वेस्ट क्लोज'ही सुटतो, कारण त्यात सगळे कपडे जागेवर असतात.

कायदा कोणावर चालतो तेही बघा. नोव्हेंबर 2020 मध्ये काणकोणच्या चापोली धरणावर झालेल्या एका चित्रीकरणावरून अभिनेत्रीला अटक झाली. त्याच दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकणाऱ्या एका प्रसिद्ध पुरुष मॉडेलवरही गुन्हा नोंद झाला. त्याला अटक झाली नाही, उलट त्याच्या तब्येतीचं कौतुक झालं. जायजुईची भीती कोर्टाच्या आवारात रोज खरी होताना दिसते. त्यामुळे काका, बंदीनं काही साधेल असं मला वाटत नाही. पण शाळा ही वेगळी जागा आहे. तिथे प्रेक्षक, कलाकार, गाणं सगळं मोठ्यांनी ठरवलेलं असतं आणि मुली अज्ञान आहेत. तिथे नियम करायला कोणी अडवलेलं नाही.

डिचोलीचा_पप्पा

दोन मुलींचा बाप म्हणून लिहितो. मोठी सहावीत. मागच्या गॅदरिंगचा तिचा नाच कोणीतरी यूट्यूबवर टाकला. शाळेनं नाही, कोणा पालकानं. खालच्या कॉमेंट वाचून मी रात्रभर झोपलो नाही. काय होतं ते लिहीत नाही. ती अकरा वर्षांची आहे आणि गाणं साधं होतं, लावणी किंवा आयटम काही नव्हतं. शूट करणारा पुढच्या रांगेत खाली बसला होता, त्यामुळे सगळं खालून दिसत होतं. शाळेत गेलो तर "तुमच्या मुलीचा ड्रेस जरा आखूड होता" असं उत्तर मिळालं. ड्रेस शाळेनंच शिवून घेतला होता.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2007 मध्ये ह्या विषयावर एक अहवाल काढला होता. लहान वयात मुलींना असं बघितलं गेलं की त्या स्वतःकडेही बाहेरून बघायला लागतात, मी कशी दिसते ह्यातच मन अडकतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, शरीराबद्दल लाज आणि उदासी येते, असं त्यात आहे. मला अहवालाची गरज नव्हती. माझी मुलगी आता नाचत नाही. विचारलं तर म्हणते, "पप्पा, मला आवडत नाही." आधी जेवताना ताटावरसुद्धा ठेका धरायची.

कुळागर

😔 पप्पा, लेकीला सांगा धालोच्या मांडावर ये म्हणून. खरंच सांगते. मोबाइल बाहेर ठेवतो आम्ही. गाव कळवते व्यक्तिगत निरोपातून.

रापणकार

पप्पा, वाईट वाटलं. व्हिडिओ अजून आहे का? असेल तर लिंक इथे नको, मला निरोपातून पाठवा. मुलांच्या व्हिडिओसाठी रिपोर्ट करायची वेगळी सोय आहे, आम्ही मित्र मिळून करतो. माझं मत अजून तेच आहे की मोठ्या बायकांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं. पण ह्या मुलीनं काहीच ठरवलं नव्हतं.

अबोली, फोंडा

सगळ्यांचं वाचलं, काही उतारे नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवले. पप्पा, तुमच्या लेकीला माझ्या वर्गात कधीही घेऊन या. नाचायला नाही, नुसतं बसायला. इथे शूटिंग होत नाही.

मूळ प्रश्नाकडे येते. काल वर्गात मी एक गोष्ट करून पाहिली. तेच आवडतं गाणं लावलं, पण मुलींना समोरासमोर जोडीनं उभं केलं आणि सांगितलं, नाच मैत्रिणीला दाखवायचा. सुरुवातीला हसून लोळल्या. ओठ चावला की समोरची खो खो हसायची. थोड्या वेळानं ते सगळं आपोआप गळून पडलं. कंबर हलत होती, जोरात हलत होती, पण आता जोडीदारणीला हरवायला. एक तर इतकी उड्या मारायला लागली की मला थांबवावं लागलं. 'घाण' हा शब्द मी काढलाच नाही.

शाळेला मी तीन गोष्टी कळवणार आहे. गाण्यांची यादी मुली आणि मी मिळून करू, शब्द आधी मोठ्यानं वाचून. नाच गोलात आणि जोड्यांत बसवणार, चवथ म्हणाली तशी खरी फुगडीही घालणार, परीक्षकांकडे पाठ झाली तर होऊ दे. आणि शूटिंग शाळेचा एकच माणूस करेल, उभ्या उंचीवरून, ते पालकांना मिळेल, पण इंटरनेटवर जाणार नाही. पुढच्या रांगेत मोबाइल नाही. कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक मुलीचं नाव मात्र छापायला लावणार, जायजुई, तुझ्या गौहर जानसाठी.

तिसरी गोष्ट शाळा नुसत्या माझ्या शब्दावर मानणार नाही. वकीलबाय, पालकांकडून सही घ्यायला एक साधं पत्र करून द्याल का?

कॅमेरा_म्हापसा

शूटिंग मी करून देतो, पैसे नकोत. ट्रायपॉड मुलींच्या डोळ्यांच्या उंचीला लावेन. तारीख कळवा.

पणजीकर_काका

माझा नातू त्याच भागातल्या शाळेत आहे. मुलग्यांनाही ह्या फुगडीत घ्या की. त्यांनीही समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून नाचायला शिकलं पाहिजे.

वकील_बाय

अबोली, मसुदा मराठीत आणि कोकणीत करते, रविवारपर्यंत टाकते. त्यात एक ओळ अशी घालणार आहे की एखाद्या पालकानं नियम मोडून व्हिडिओ टाकला तर तो काढायला लावण्याची जबाबदारी शाळेची राहील, आणि मुलीच्या कपड्यांबद्दल तिला किंवा तिच्या घरच्यांना काही सुनावलं जाणार नाही. शाळेचे लोक दुसऱ्या भागावर कुरकुर करतील. तो काढू देऊ नकोस.